तळघर बुजणार नाही

तळघर बुजवायचं ठरलं तेव्हा बाइंडरबाईला कुणी विचारलंच नव्हतं. ती खळ शिजवत होती. धाकटे दीर जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच म्हणाले, "वहिनी, सोमवारी गवंडी येतोय. काँक्रीट ओतून टाकू एकदाचं. तोवर तुमचं सामान हलवून घ्या."

सामान म्हणजे पुस्तकं दाबायचा, चार माणसांना न हलणारा लोखंडी शिकंजा, पुठ्ठे कापायचं यंत्र आणि वाचनालयाकडून बांधायला आलेले तीनेक डझन खंड. सासऱ्यांनी तिला जुजबंदी, म्हणजे दुमडलेली पानं शिवून पुस्तक बांधणं, शिकवली ती याच तळघरात. त्यांचे दोन्ही मुलगे खळीच्या वासानं नाक मुरडायचे. सून मात्र बाह्या सरसावून बसली, आणि नवरा गेल्याला सहा वर्षं झाली तरी ती बसलेलीच होती.

भाऊजींचं सगळंच चुकत होतं असंही नाही. तळघराच्या कोपऱ्यात हातभर रुंद, कमरेइतका खोल खड्डा होता. जमिनीखालचं पाणी त्यात झिरपायचं आणि विजेवरचा पंप ते बाहेरच्या गटारात फेकायचा. गेल्या महिन्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला, वीज गेली आणि पंपानं मान टाकली. पाणी घोट्यावर आलं. नऊ खंड भिजून उशांसारखे फुगले. ओलीचा वास वरच्या मजल्यावर भाऊजींच्या कपाटात शिरला, आणि तेव्हापासून त्यांनी तळघराला अक्षरशः पाण्यात पाहायला सुरुवात केली.

"मी काही हलवणार नाही," ती म्हणाली.

"मग करणार काय?"

"वीज गेल्यावर चालणारा पंप बसवणार. बॅटरीवरचा."

"आणि तो बसवणार कोण?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

भाऊजी हसले. प्लंबरही हसला होता. "ताई, पंधरा दिवस थांबा, नाहीतर नाद सोडा. पुस्तकं शिवण्याइतकं सोपं नसतं ते," असं म्हणाला होता. तिनं त्याच्याशी वाद घातला नाही. "तुम्ही शिवून बघा एखादं," एवढंच बोलली आणि दुकानातून स्वतःच पंपाचं खोकं उचलून आणलं.

शुक्रवार-शनिवार ती खड्ड्यापाशी पालथी पडून होती. नवा पंप जुन्याच्या शेजारी, चार बोटं उंच विटेवर ठेवला. त्याला स्वतंत्र पाइप जोडून खिडकीतून बाहेर काढला. मध्ये पाणी उलटं परतू न देणारी झडप बसवली, बाण वरच्या दिशेला आहे ना हे तीनदा पाहून. बॅटरी फळीवर चढवली. पहिल्या चाचणीला पंप ढिम्म. टॉर्च मारून पाहिलं तर पाण्यावर तरंगून पंप चालू करणारा फ्लोट जुन्या पाइपला अडकून बसला होता. तिनं तो दुसऱ्या बाजूला फिरवला, हातानं वर उचलला, आणि कोरडा पंप घुर्र करून फिरला. इतकी खूश झाली की पंपाच्या माहितीपत्रकाची सुटी पानं तिनं हौसेनं शिवली आणि त्यांना निळा पुठ्ठा चढवला.

सोमवारी गवंडी आला. गडी पोती उतरवू लागले. बाइंडरबाई तळघराच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, आधी मेन स्विच बंद करा. पंपानं पाणी फेकलं नाही, तर मी स्वतः पहिलं घमेलं ओतीन."

"सगळ्यांसमोर बोलताय हं."

"सगळ्यांसमोरच बोलायचंय."

भाऊजींनी स्विच पाडला. जाऊबाईनं आणि तिनं खड्ड्यात बादल्या ओतल्या. सातव्या बादलीला फ्लोट वर आला, पंप सुरू झाला. जाऊबाई धावत बाहेर पाइपाच्या तोंडाशी गेली.

"आलं का गं?"

"नाही हो ताई! थेंबही नाही!"

पंप फिरत होता, पण पाणी जागचं हलत नव्हतं. आवाजही पातळ, पोकळ. भाऊजींनी घड्याळ पाहिलं. "झालं समाधान? या आता वर."

"मी येणार नाही. आणि तुम्हीही पोतं फोडायचं नाही."

"अहो, हट्टाला काही मर्यादा?"

"माझी जागा आहे ही. माझी मर्यादा मीच ठरवीन."

तिनं पंप बंद केला. बॅटरीच्या तारा घट्ट होत्या. झडपेचा बाण बरोबर होता. मग निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून ती ओळीवर बोट ठेवत वाचू लागली. सातव्या पानावर आली, पान उलटलं, तर समोर दहावं. तिची कानशिलं तापली. पंचवीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधणाऱ्या बाईनं स्वतःच्याच पुस्तकाची दोन पानं खळीनं चिकटवली होती.

पातळ पातं घालून तिनं ती अलगद सोडवली. आत चित्र होतं: पंप आणि झडप यांच्यामध्ये हवा कोंडते, ती निघायला पाइपला बारीक भोक पाडा.

"चूक माझी आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "आणि दुरुस्तही मीच करणार."

वीज बंदच होती, पण जाड वह्यांना भोकं पाडायचं हातड्रिल हाताशी होतं. खड्ड्यात वाकून तिनं मूठ फिरवली. पांढरा भुसा पाण्यावर पडला. गवंडी कधी खाली आला कळलं नाही. पाइप धरून तो म्हणाला, "तिरकं पाडा बाई, खालच्या अंगाला. फवारा खड्ड्यातच पडेल."

तिनं बटण दाबलं. भोकातून हवा फुसफुसली, मग पाण्याची बारीक धार निघाली, आणि पंपाचा आवाज एकदम भरदार झाला. खड्ड्यातलं पाणी डोळ्यांदेखत खाली जाऊ लागलं.

"आलं! ताई, आलं!" बाहेरून जाऊबाई ओरडली. "अहो, मी भिजले ना सगळी!"

गवंड्यानं गड्यांना पोती परत गाडीत चढवायला सांगितलं. "साहेब, चालत्या पंपावर काँक्रीट ओतायचं मला जमणार नाही."

भाऊजी चार दिवस वहिनीशी बोलले नाहीत. तिनंही समजूत काढायला जायचं टाळलं. भिजलेल्या नऊ खंडांची पानं सोडवून ती दोरीवर वाळत घालत राहिली.

पुढच्या बुधवारी दुपारी पाऊस कोसळला आणि तीनच्या सुमारास वीज गेली. बॅटरीच्या खोक्यातून सूचनेची टीं टीं आली, पंप लागला, बंद झाला, पुन्हा लागला. बाइंडरबाईची सुई थांबली नाही. थोड्या वेळानं भाऊजी जिना उतरून आले. पहिल्यांदाच शेवटच्या पायरीपर्यंत.

"बॅटरी किती वेळ पुरेल?"

"संध्याकाळपर्यंत तरी. संपली तर दुसरी लावीन."

ते कोरड्या फरशीकडे बघत राहिले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"उभेच राहणार असाल, तर हा टॉर्च धरा," ती म्हणाली. "जरा वर. माझ्या डोळ्यांवर नको, दोऱ्यावर."

भाऊजींनी धरला.