सारवलेला खड्डा

बोटाच्या पेराएवढी पोपडी, वर शेणाचा हिरवट पदर, खाली पिवळी माती... शर्मिष्ठाने ती नखाने उचलली, तर खालची वाळू ठणठणीत कोरडी. पहाटे चांगली सर पडून गेली होती. म्हणजे पाणी आत मुरलंच नव्हतं. वरच्या वर रस्त्यावर, आणि रस्त्याने थेट उतारावर.

वाळ्याच्या जुड्यांमधली जमीन अंगणासारखी सारवलेली होती. पाचोळा झाडून टाकलेला. सासूबाईंच्या बोटांच्या कमानी ओळीने उमटलेल्या – सुरेख, अगदी सुरेख, आणि तिला रडू यायचं बाकी होतं.

चढावरच्या या कॉलनीचं पाणी दर पावसाळ्यात खालच्या पाऱ्यातल्या, उताराखालच्या वस्तीतल्या घरांत शिरायचं. ते वरच मुरावं म्हणून दारोदारी असे उथळ खड्डे, खाली खडी, वर वाळू, सैल माती, वाळा... नोकरीतलं हे तिचं पहिलं स्वतःचं काम. दारापुढे खड्डा कोणाला हवा होता? सासूबाई, विमलाबाई, स्वतः घरोघर गेल्या. माह्या सुनेनं केलं म्हणजे चांगलंच असन, म्हणाल्या, आणि रायपूरची ती हटवादी गल्ली मुकाट्याने कबूल झाली.

"काहून बसली तिथं?" सासूबाई दारात आल्या. "पोपडा निघाला का? उद्या पुन्हा हात फिरवतो."

"आई, हे सारवण..."

"तुये साहेब येऊन राहिले ना पाह्याले? घाण दिसाले नको. साऱ्या बायांले सांगितलं मी. पाह्य, गल्लीभर सारवलं त्यांनी!"

गल्लीभर. तिने मान वर करून पाहिलं नाही. सांगून टाक, आत्ताच सांग – पण कोणाला? सासरे श्यामराव गेल्यापासून या बाईने अंथरूण सोडलं नव्हतं. हातात शेण-माती घेतली तीच या खड्ड्यांपायी, आणि त्या दिवशी आपण होऊन चहा मागितला. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

फोन वाजला. खालच्या पाऱ्यातून तिची आई, शांताबाई.

"शमे, अंधारून राहिलं. गाद्या माळ्यावर टाकू का? या साली नाही टाकल्या. तू म्हणाली होती ना, पाणी नाही येणार."

आईचे गुडघे, ती डुगडुगती शिडी... हो टाक, म्हटलं तर ती चढेल. नको म्हटलं तर...

"सांग ना, पोट्टे."

"मी सांगते थोड्या वेळानं."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई तिच्याकडेच पाहत होत्या. "जमलं ना मले?" लहान मुलीसारखं विचारलं त्यांनी.

"हव, आई."

किती सहज निघालं तोंडातून! तिला स्वतःची चीड आली. वारा पडला होता, ढग छपरांवर टेकलेले, आणि ती त्यांच्याकडे आशेने पाहते आहे हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं. एक मोठी सर यावी, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत पाणी सारवणावरून घरंगळत जावं. त्यांना आपोआप कळेल, मग मला काही बोलावं लागणार नाही... तिने ते पाणी मनातल्या मनात उतारावर जाताना पाहिलं, वळणावर, आईच्या उंबऱ्यावर, जमिनीवरच्या गाद्यांपर्यंत.

आणि तरीही, पडू दे, पडू दे एकदाचा, हे मनातून जाईना.