उबवणी केंद्रातली सरळ रेष

मास्तरांची शाळा बंद पडून सहा वर्षं झाली, पण ‘मास्तर’ हे नाव काही सुटलं नाही. बावीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस पन्नाशीला आल्यावर करणार काय? ते पायथन ही संगणकाची भाषा शिकले आणि लहानसहान कारखान्यांना प्रोग्राम लिहून द्यायला लागले. काम मिळायचं, पण प्रत्येक काम जीव काढायचं. मानेला पट्टा, डोळ्यांत थेंब, आणि दिवसभर कुणाचा ना कुणाचा फोन: मास्तर, स्क्रीन अडकली.

शुक्रवारी सकाळचा फोन कोंबड्यांच्या उबवणी केंद्राच्या साहेबांचा होता.

“मास्तर, मंगळवारचा ग्राफ छापून हवाय. दोन नंबरच्या मशीनचा, सकाळी सात ते बारा. मोठा छापा.”

“का हो? काही झालं का?”

“सहा हजारांतली चार हजार अंडी गेली. दोन दिवसांत पिल्लं बाहेर आली असती. मावशींनी मशीनचं दार उघडं टाकलं आणि सगळं गार पडलं. आता कबूल करत नाहीत. उद्या मालक येतायत, त्यांच्यापुढे कागद ठेवायचाय.”

मावशी त्या केंद्रातल्या सगळ्यात जुन्या कामगार. तीन खोल्यांतली मशीनं त्याच सांभाळायच्या. मास्तर वर्षापूर्वी तिथे काम करत होते, तेव्हा मावशींनीच त्यांना अंडं दिव्यासमोर धरून आतलं पिल्लू दाखवलं होतं.

त्या कामानं मास्तरांच्या नाकीनऊ आणले होते. प्रत्येक मशीनमधला सेन्सर दर दोन सेकंदांनी तापमान पाठवणार आणि ऑफिसातल्या स्क्रीनवर त्याची रेष पुढे सरकत राहणार, एवढंच काम. पण पहिल्या वेळी मास्तरांनी दर वेळी अख्खा ग्राफ नव्यानं काढला, आणि जुना तसाच मागे राहू दिला. सकाळी प्रोग्राम पळायचा, दुपारपर्यंत रांगायचा, चारच्या सुमाराला मान टाकायचा. मग त्यांनी ग्राफ एकदाच काढला आणि पुढे फक्त रेषेतले आकडे बदलत ठेवले. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता ते प्रिंट काढायला केंद्रावर आले. ऑफिसात साहेब फोनवर होते. मास्तरांनी मंगळवारची फाइल उघडली. निळी रेष सकाळी सातपासून साडेसदतीस अंशांच्या जरा वर चाललेली. अकराच्या थोडं आधी एकदम तेहतिसावर कोसळलेली.

“बघा,” साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले. “अकरापर्यंत सगळं ठीक. मग दार उघडलं. अजून काय पुरावा पाहिजे?”

मास्तरांनी प्रिंट दिली. कागद बाहेर येत असताना त्यांनी सवयीनं रेष मोठी करून पाहिली, आणि त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला.

साडेसातपर्यंत रेष थरथरत होती. सदतीस पॉइंट साठ, एकसष्ट, अठ्ठावन्न. नंतर सदतीस पॉइंट बासष्ट. पुढे बासष्ट. पुन्हा बासष्ट. तीन तास वीस मिनिटं फक्त बासष्ट. इतकं स्थिर तापमान कुठल्याच मशीनमध्ये राहत नाही. वर्गात ते मुलांना सांगायचे, मोजमाप थोडं हलतंच. हलत नसेल तर मोजणारा झोपलाय.

ही रेष कुणी काढली होती, ते त्यांना ठाऊक होतं. वर्षापूर्वी सेन्सरचं एखादं रीडिंग चुकायचं आणि रेष तिथे तुटायची. साहेबांना ते खपत नव्हतं. “गिऱ्हाईक बघायला येतं, त्याला वाटतं मशीनच बिघडलंय. रेष अखंड पाहिजे.” त्याच आठवड्यात मास्तरांच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यांनी दोन ओळी लिहिल्या: रीडिंग आलं नाही, तर मागचंच धर. वेळ मारून नेली. नंतर नीट करू, असं ठरवलं. ते ‘नंतर’ काही उजाडलं नाही.

कागद घडी घालून ते मागच्या बाजूला गेले. मावशी ट्रे धुण्याच्या हौदापाशी उलट्या टोपलीवर बसल्या होत्या. त्यांना मशीनपासून दूर ठेवलं होतं.

“मावशी, मंगळवारी काय झालं, मला सांगाल?”

“सतरांदा सांगून झालं. अठराव्यांदा तुम्हाला सांगते.” त्यांचा आवाज अगदी बसला होता. “मी एक नंबरात अंडी चाचपत होते. दर अर्ध्या तासानं ऑफिसात येऊन स्क्रीन बघत होते. साडेसदतीस, साडेसदतीस. पूर्वी मशीनच्या काचेत थर्मामीटर होता, तो साहेबांनी काढायला लावला. म्हणाले, आता स्क्रीन आहे. अकराच्या आधी दोन नंबरावरून जाताना दाराला हात लागला. चटका बसला हो! आत पंखा बंद, अंडी उकडून निघालेली. मी दार उघडलं, वारा घातला, मग मागचा प्लग हलवला, तसा पंखा सुरू झाला. साहेब आले तेव्हा पंखा फिरतोय आणि दार उघडं. झालं.”

“पंख्याचा आणि सेन्सरचा प्लग एकच आहे?”

“एकच. ढिला आहे. दोनदा सांगितलं होतं मी.” त्यांनी मास्तरांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “तुमचं मशीन खोटं बोलतं का हो, मास्तर?”

मास्तर खाली, ओल्या फरशीवरच, टेकले. गप्प बसणं सोपं होतं. दोन ओळी घरी बसून काढून टाकता आल्या असत्या. कुणाला पत्ताही लागला नसता.

“बोलतं,” ते म्हणाले. “मीच शिकवलंय त्याला.”

त्यांनी सगळं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, आभारही मानले नाहीत.

“तीन दिवस डोळ्याला डोळा नाही,” त्या म्हणाल्या. “घरी सुनेला वाटतं, सासूबाईंना आता विसरायला होतं. मलाही वाटायला लागलं होतं. आपणच काहीतरी केलं असेल.”

साहेबांना पटवायला तासभर लागला. मास्तरांनी फाइलमधले आकडे एकाखाली एक दाखवले. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

“मी रेष तुटू नये म्हणालो होतो. खोटी काढा म्हणालो होतो का?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. चूक माझी आहे. मावशींची नाही. मालकांना मीच सांगतो.”

“सांगा. आणि त्यानंतर हे काम दुसऱ्या कुणाला तरी देऊ आम्ही.”

“द्या. पण आधी दुरुस्त करून जातो. मशीनं चालू आहेत.”

दुपारभर मास्तर तिथेच बसले. पाठ भरून आली होती. त्या दोन ओळी काढल्या. रीडिंग आलं नाही, तर तिथे रेष तोडायची, आणि एक मिनिट काहीच आलं नाही, तर स्क्रीन लाल करून घंटा वाजवायची. सेन्सरची वाट बघताना पूर्ण स्क्रीन अडकू नये म्हणून रीडिंग घेण्याचं काम वेगळं काढलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी साहेबांना रिकाम्या मशीनचा प्लग उपसायला सांगितला. रेष थांबली, पुढे पांढरं उरलं, आणि मिनिटभरानं घंटा अशी कोकलली की हौदापाशी बसलेल्या मावशी धावत आल्या.

“हे बरं आहे,” त्या दारातून म्हणाल्या. “पण माझे थर्मामीटर पण लावा.”

साहेबांनी मान हलवली. इलेक्ट्रिशियनला फोन करून पंख्यासाठी वेगळा प्लग बसवायलाही सांगितलं.

शनिवारी मास्तर मालकांपुढे उभे राहिले. मालक कमी बोलणारे होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, मावशींना बोलावून घेतलं आणि सोमवारपासून मशीनवर यायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, “सोमवारी नाही. बुधवारी येईन. आधी दोन दिवस झोपते.” मास्तरांकडे न बघताच त्या निघून गेल्या, आणि ते त्यांना योग्यच वाटलं.

वाचलेल्या अंड्यांतून अठराशे पिल्लं निघाली. बरीचशी अशक्त होती.

घरी बायको पलंगावर पाय लांब करून गुडघा शेकत होती. मास्तरांनी पिशवी ठेवली आणि काम गेल्याचं सांगितलं. का गेलं तेही सांगितलं, दवाखान्याच्या बाकासकट.

“म्हणजे माझ्या गुडघ्यानं चार हजार कोंबड्या मारल्या म्हणा की.”

“तसं नाही गं.”

“मस्करी करते हो. बसा जरा.” तिनं पाय आवरून त्यांना जागा केली. “बाकीच्या प्रोग्रामांत पण घातल्यात का त्या दोन ओळी?”

मास्तरांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, “पाच ठिकाणी.”

“मग उद्या रविवार. परवा सकाळी पहिला फोन कुणाला?”

“पिठाच्या गिरणीला,” मास्तर म्हणाले, आणि मानेचा पट्टा सोडून तिच्या शेजारी आडवे झाले.