बिसेर्काकडून सगळ्यांना

आमच्या किकिंडा गावात कुणाचं काही चांगलं झालं की पाजायचं त्यानंच. नोकरी लागो, नातू होवो, नाहीतर जुनी मोटार विकली जावो. बाकीच्यांनी मुकाट्यानं प्यायचं. स्वतःचे पैसे पुढे केले, तर तुझ्या आनंदाशी माझा काही संबंध नाही, असा त्याचा अर्थ.

बिसेर्का सकाळीच माझ्या खानावळीत येऊन बजावून गेली, "ओल्गा, आज कुणाकडून पैसे घेतलेस तर बघ."

तरुणपणापासून ती एकाच रॉक बँडमध्ये गायली. मिलुतिन ड्रम वाजवायचा, गाणी दोघं मिळून रचायची. आता पन्नाशीला टेकल्यावर तिनं एकटीचा पहिला अल्बम काढला, आणि तेव्हापासून मिलुतिननं बोलणं टाकलं.

"येईल ना गं तो?"

"फुकटची रकिया ढोसायची सोडेल होय?" मी म्हटलं. ती हसली. हसायचं म्हणून.

दुपारी लोक जमले. बिसेर्का गिटार घेऊन एकटीच उभी राहिली. प्रत्येक गाण्याआधी मान मागे वळवायची. मिलुतिन काठ्या आपटून ठेका द्यायचा ना, ती सवय. मागे आता नुसते कोट टांगलेले.

तिसऱ्या गाण्याला मिलुतिन आला. थेट माझ्यापाशी.

"जाडी झालीस, ओल्गा."

"आणि तुझं टक्कल कुणी पाहिलंच नाही. काय देऊ?"

"आलुबुखाराची रकिया."

उभ्यानंच ऐकत राहिला. त्याची बोटं लाकडी फळीवर वाजू लागली. त्याच्या लक्षात आलं तसा हात खिशात गेला.

"गाते चांगली," तो म्हणाला.

"तिला सांग की."

त्यानं पाकीट काढलं.

"मिल्या, वेडेपणा करू नकोस. आज तिच्याकडून आहे."

"ठाऊक आहे मला."

रिकाम्या पेल्याखाली नोट सारून तो निघून गेला.

गाणं संपताच बिसेर्का लगबगीनं आली. "दिसला मला. काय प्यायला?"

काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी म्हणून मी तोंड उघडलं, पण तिची नजर पेल्याकडे गेलीच होती. तिनं नोट उचलली, बोटांनी सरळ केली.

"म्हणजे पाजून गेला म्हणायचं," ती म्हणाली. "ओत मग. याच्यातूनच ओत."

मी ओतली. तिच्याशी पेला टेकवायला कुणी नव्हतं, म्हणून मी माझा कॉफीचा कप पुढे केला. तिचं लक्ष नव्हतं. ती एका घोटात प्यायली, तोंड पुसलं आणि पुढच्या गाण्याला गेली.