प्रत्यक्ष फिरून पाहणी केली

मी गफ्फार शेख, रिटायर तलाठी. पस्तीस वर्षं गडचिरोलीच्या डोंगरात नोकरी केली अन् आता भद्रावतीले पोराच्या घरी राहतो. लोकं म्हणतात, गफ्फारभाऊ सज्जन माणूस, कोणाच्या एका पैशाले शिवला नाई. खरं आहे ते. पण पैसे न खाताही माणूस हरामखोरी करू शकते, हे मले मागच्या महिन्यात कळलं. हे पाहा, इथीच खोटं निघालं तोंडातून! कळत तर नऊ वर्षांपासून होतं.

झालं असं, की उपविभागाच्या ऑफिसातून नोटीस आली. पत्रू मडावी नावाच्या माणसाचा वनहक्काचा दावा फेटाळला होता, त्याची फेरसुनावणी. पंचनाम्यावर माझी सही, म्हणून मले बोलावणं. सोबत पंचनाम्याची झेरॉक्स होती. अक्षर माझंच, कसं मोत्यासारखं: 'दाव्याच्या जागेवर प्रत्यक्ष फिरून पाहणी केली. जुन्या वहिवाटीचा पुरावा आढळून आला नाही.'

कपाळ माझं! फिरलो होतो कुठी मी?

मे महिना होता तो. पत्रूच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, पोचता पोचता माझा जीव अर्धा झाला. डोंगराच्या पायथ्याशी त्याची तीन एकर धानाची बांधी. कागद त्याच्यापाशी एकही नव्हता, अन् राहील कसा? आज्याच्या वेळी ते रान जमीनदाराचं, मंग सरकारचं. ब्याऐंशी साली जिल्हा फुटून गडचिरोली वेगळी झाली, तवा आमच्या भागाचे कागदाचे गठ्ठे जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, ट्रकात आले. त्यातले किती वाटेत भिजले अन् किती तिकडेच राहिले, खुदा जाने. मीच शोधले होते, मले सापडले नाई.

"कागद नाई साहेब," पत्रू म्हणला, "पण दगड हायेत. वर पहाडीवर. आमच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात. माह्या बापाचा हाये, आज्याचा हाये, त्याच्या बापाचा हाये. चाला, दाखवतो."

असे दगड कायद्यात पुरावा म्हणून चालतात, हे मले चांगलं ठाऊक होतं. मी पहाडीकडे पाहिलं. ऊन असं की डोळे उघडवेनात. मी मोहाच्या सावलीत खाटेवर बसलेलो. पत्रूच्या बायकोनं, मंगलीनं, माझ्यासाठी शेजारून साखर आणून चहा केला होता.

"किती दूर आहे रे?" मी पुसलं.

"हे काय, इथीच."

आता जंगलातल्या माणसाचं 'इथीच' म्हणजे दोन कोस, असा आम्हा ऑफिसवाल्यांचा नेहमीचा विनोद. मी हसलो, आणखी एक कप चहा मागितला अन् खाटेवरच पंचनामा लिहून काढला. "इथी अंगठा लाव," म्हणलं. काय लिहिलं ते त्यानं पुसलंही नाई. भरोसा होता त्याचा माझ्यावर.

दावा फेटाळला. पुढच्या पावसाळ्यापासून वनखात्याचे लोक त्याले बांधी कसू देईनात, तिथी सागाची रोपं लागली. पत्रू कोरपन्याकडे कापूस वेचायले जाऊ लागला. मले सारं माहीत होतं. बाजारात दोनदा भेटला तो, दोन्ही वेळा त्यानंच आधी जोहार केला. मले लाज वाटली, पण लाज वाटून मी केलं काय? भाजी घेतली अन् घरी आलो.

नोटीस पाहून माझी बायको सुलताना म्हणली, "अब क्या बोलोगे?"

"लिहिलं तेच बोलीन. नऊ वर्षांनं कोण पुसते?"

"तो फिर दो दिन से खाना क्यूं नहीं खा रहे?"

सुनावणीच्या आदल्या दिवशी एसटी धरून टोल्यावर गेलो. पत्रू कोरपन्याले होता. मंगलीनं मले ओळखलं, पण 'या' म्हणली नाई अन् खाटही टाकली नाई.

"मंगलीबाई, दगड पाहायचे आहेत."

"आता? नऊ वर्षांनं उतरलं काय ऊन?"

मी उभाच राहिलो. तिनं पाण्याची बाटली घेतली अन् पुढे चालू लागली.

साठी उलटलेला माणूस मी, गुडघे धरलेले. वाटेत तीनदा बसलो. वर साजाच्या झाडाखाली दगड उभे होते, रांगेनं, काही कललेले, शेवाळलेले. मंगली एकेका दगडाले हात लावून नाव सांगत गेली. मी मोबाइलात वेळ पाहिली. वीस मिनिटं. तेही ह्या गुडघ्यांनं, तीनदा बसून. त्या दिवशी दोन कप चहाले मी याहून जास्त वेळ घालवला होता. मी तिथीच बसलो अन् पोरासारखा रडलो. मंगलीनं बाटली पुढे केली, तोंड मात्र दुसरीकडेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पत्रू कोरपन्याहून थेट आला होता, शर्टाले कापूस चिकटलेला. उपविभागीय अधिकारी मॅडमनं पंचनामा वाचून दाखवला.

"शेखसाहेब, तुम्ही जागेवर प्रत्यक्ष फिरला होता ना?"

"नाई मॅडम. खोटं लिहिलं मी."

"विचार करून बोला. हे मी लिहून घेणार आहे. तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"घ्या लिहून. दगड आहेत. काल पाहून आलो."

"किती लांब आहेत?"

"वीस मिनिटं."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "वीस मिनिटं? मग का गेला नाहीत?"

पस्तीस वर्षं लोकांचे अर्ज नामंजूर करायची कारणं लिहिली मी. स्वतःसाठी एक सापडेना.

तवा दाराजवळून पत्रू पुढे आला. हात जोडून म्हणला, "मॅडम, त्याइले रागवू नका. त्या दिवशी ऊनच लय होतं."