ग्लेनच्या अनुभवाचा दाखला

ग्लेन टेट्रिक कॉलेजातल्या माझ्या खोलीच्या दारात आला तेव्हा मी त्याला पाच मिनिटं मुद्दाम ताटकळत ठेवलं. करायला काही काम नव्हतं. नुसते कागद इकडचे तिकडे केले.

मी मार्सी ओर्बान. दिवसा शाळांच्या बांधकामांवर देखरेख करते आणि आठवड्यातून दोनदा टोलेडोच्या एका कम्युनिटी कॉलेजात बांधकाम व्यवस्थापन शिकवते. दोन वर्षांची पदवी. पहिल्याच तासाला पोरं विचारतात, नऊ हजार डॉलर घालायचे, ते वसूल कधी होणार? मी सांगते, माझे सव्वा वर्षात झाले, पगार ताशी चार डॉलरनं वाढला. पण खरं सांगू? मी पगारासाठी शिकलेच नव्हते. मी शिकले ग्लेनच्या नाकावर टिच्चून.

आठ वर्षांपूर्वी तो साइटचा सुपरवायझर होता आणि मी त्याच्या हाताखाली फोरमन. एका दवाखान्याची स्लॅब चालली होती. जुलैचं ऊन, त्यात काँक्रीटचा ट्रक रहदारीत अडकून उशिरा आला. माल घट्ट झालेला. परत पाठवला तर दिवस गेला. ग्लेन ड्रायव्हरला म्हणाला, "मार पाणी, सैल कर त्याला." वरून पाणी घातलं की काँक्रीट कच्चं राहतं हे आमच्यात सगळ्यांना कळतं, आणि सगळे घालतात. ड्रायव्हरनं पावती पुढे केली. पाणी कुणी घालायला लावलं, त्याची सही लागते त्यावर. ग्लेननं हातमोजे काढायचा कंटाळा केला. "कर गं पोरी तू." मी न वाचता केली. आम्ही सगळे तशीच करायचो.

महिन्याभरात स्लॅबला भेगा पडल्या. ग्लेननं ती पावती कंपनीच्या मालकापुढे टाकली आणि सगळं खापर माझ्यावर फोडलं. "कॉलेजचं तोंड पाहिलं नाही हिनं, हिला काय कळतंय?" ऑगस्टात माझी फोरमनकी गेली. युनियनच्या हॉलमध्ये मला पाणीवाली म्हणायला लागले. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा हाच माणूस दात काढून म्हणाला होता, "नऊ हजारात चांगली जुनी पिकअप येते, मार्सी. निदान ती चालते तरी."

आता त्याची ती कंपनी बुडाली. नव्या कंपनीनं एकसष्टाव्या वर्षी घेतलं खरं, पण अट घातली, मेपर्यंत पदवी आणा, नाहीतर सुपरवायझरची जागा विसरा. तेव्हापासून त्यानं पदवीचे बरेच विषय उरकले होते, पाच राहिले होते. आमच्याकडे एक सोय आहे. साइटवर वर्षानुवर्षं घासलेल्या माणसाला काही विषय अनुभवावर माफ होतात. फक्त त्याचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या आणि स्वतः ही पदवी घेतलेल्या कुणीतरी तसं लिहून द्यावं लागतं. ग्लेनच्या ओळखीत असं माणूस एकच. म्हणून स्वारी नाक मुठीत धरून माझ्या दारात.

"बस," मी म्हटलं.

"मार्सी, हिशेब केलाय मी," तो बसता बसता म्हणाला. "हे पाच विषय माफ झाले तर पदवी स्वस्तात पडते. पुढची चार वर्षं सुपरवायझरचा पगार मिळाला की घराचे हप्ते फिटतात. मजुरीवर गेलो तर घर जातं बघ."

"मग पिकअप का नाही घेत?"

तो कसनुसा हसला. मी फॉर्म चाळला. कामात झालेली मोठी चूक आणि त्यातून काय शिकलात, या प्रश्नापुढे त्यानं लिहिलं होतं, नाही.

"चाळीस वर्षांत एकही चूक नाही? मग मीच तुझ्याकडे शिकायला यायला हवं."

"काय लिहू मग?"

"दवाखान्याची स्लॅब लिही."

त्याची मान खाली गेली. "झालं गेलं ते, मार्सी. कशाला आता..."

"खरं लिही. मग बघते मी."

यापलीकडे मी एका शब्दानं काही कबूल केलं नव्हतं. बाकीचं त्यानं मनानं धरलं. तीन ओळी लिहायला त्याला दहा मिनिटं लागली. "पाणी घालायला मी सांगितलं. सही मार्सी ओर्बानकडून करून घेतली. तिची चूक नव्हती."

मी दोनदा वाचलं. मग पेन घेतलं. नकाशे वाचणं, माफ. सुरक्षा, माफ. वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, दोन्ही माफ. काँक्रीटपुढे मी "माफ नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानं कागद स्वतःकडे फिरवून पाहिला. "हे काय?"

"घट्ट मालात पाणी मारायला लावलं असं तूच लिहून दिलंस. अशा माणसाला काँक्रीट येतं असं मी कसं लिहू?"

"तू म्हणालीस खरं लिही."

"आणि लिहिलंस तू. आभारी आहे."

"अगं, तो विषय आता सप्टेंबरात सुरू होतो. मेमध्ये माझी जागा जाईल."

"माझी ऑगस्टात गेली होती."

तो उठला आणि फॉर्म न उचलताच निघून गेला. मी तो कचेरीत नेऊन दिला. रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, ही पदवी घेऊन खरंच फायदा होतो का हो? मी म्हटलं, होतो.

घरी जाताना वाटलं होतं, आता वाईट वाटेल. त्याला तीन आठवडे झाले. अजून वाटलेलं नाही.