फ्लेक्सवरची जोव्हेल

आमच्या गल्लीत फ्लेक्स लागला की समजायचं, कुणाचं तरी पोर कशात तरी पास झालं. समोरच्या मिलाग्रिंगचा नातू बोटीवरच्या नोकरीची परीक्षा पास झाला, तेव्हा तिने त्याचा फ्लेक्स आपल्या दुकानावर टांगला. उन्हाने तो पार विटला, पोराचं नाक कुठे नि कान कुठे कळेना, तरी बाईने काढला नाही. मीठ आणायला गेलं तरी मान वर करून त्याच्याकडे बघावं लागायचं.

म्हणून माझ्या नातीचा फ्लेक्स मी परीक्षेच्या आधीच लावला. लोक म्हणाले, घाई केली. पोरगी हुशार आहे हे मला ती रांगत होती तेव्हापासून ठाऊक आहे, मग विद्यापीठाने सांगायची वाट कशाला बघायची? आधी ती प्रवेशपरीक्षा, मग डॉक्टरकी, असं सगळं ठरलेलं होतं. फ्लेक्स केला तो जीपनी गाडीएवढा लांब, आणि बांधला मिलाग्रिंगच्या दारासमोर, विजेच्या खांबापासून आमच्या फणसापर्यंत. 'गल्लीचा अभिमान, भावी डॉक्टर जोव्हेल.' खाली माझं नाव, लोला चोलेंग, म्हणजे चोलेंग आजी, जरा लहान अक्षरात. फार लहान नाही.

फोटोही मीच निवडला. गावच्या संताच्या जत्रेत कराओकेवर गाताना तिचा सूर फाटला आणि तिला स्वतःचंच हसू आवरेना, तेव्हाचा. सगळे दात दिसत होते. जोव्हेल हसली की पलीकडच्या गल्लीतले कुत्रे उठून बसायचे.

परीक्षा देऊन ती आली त्या दिवशी मी बाचोय केलं. डुकराच्या हाडांचा रस्सा, त्यात शेवया, वर चुरलेली कुरकुरीत कातडी. म्हटलं, सुटली पोरगी, आता भांडं चाटून ठेवेल. ती जेवली, भांडं धुतलं आणि म्हणाली, "छान होतं, लोला." मयताच्या घरी जेवून उठताना म्हणतात ना, तसं.

मग मी हिरवा आंबा कापला, बरोबर जवळ्याचं खारं ठेवलं. तिने दोनच फोडी खाल्ल्या. कराओकेचं यंत्र भाड्याने आणलं. तिने उभं राहून गाणं म्हटलं आणि एकही सूर चुकला नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

आमची डुकरीण आहे, सेनोरा. संध्याकाळी जोव्हेल तिला नळीने अंघोळ घालायची, पोट खाजवायची, वेडीवाकडी गाणी म्हणायची. आता नुसतं पाणी घालून निघून यायची. सेनोरा बिचारी पोट वर करून तशीच पडून राहायची.

तिची आई, म्हणजे माझी मुलगी नेरिसा, कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "शाळेतल्या बाई सांगत होत्या. ताण फार दिवस राहिला की या वयाच्या पोरांना आवडीच्या गोष्टीतसुद्धा मजा वाटेनाशी होते. तो आळस नव्हे, नखरेही नव्हेत."

"ताण कसला आलाय? स्वयंपाक मी करते, डुकरीण मी सांभाळते. फ्लेक्ससुद्धा मीच लावला."

नेरिसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढची घडी घातली. या घरात मला तोंडावर बोलायची कुणाची छाती नाही, पण बघतात मात्र सगळे.

मग एक दिवस दारात तिचे शाळेचे बूट दिसले. चिखलाने बरबटलेले. आमच्या दारापर्यंत पक्का रस्ता आहे. दुसऱ्या दिवशी मी मागच्या पडवीत बसून राहिले. ही आपली भाताच्या बांधावरून, दप्तर डोक्यावर धरून, घसरत घसरत येतेय.

"इंदाय, पोरी, रस्ता सोडून इकडून का?"

"असंच."

"असंच कुणी चिखलात जात नाही. सेनोरासुद्धा जात नाही."

ती पायरीवर बसली. बुटांची नाडी सोडत राहिली. "रस्त्याने आलं की फ्लेक्सखालून यावं लागतं."

"मग?"

"लोक म्हणतात, डॉक्टरबाई, माझा गुडघा बघ. डॉक्टरबाई, निकाल कधी? त्याचंही काही नाही. पण ती वर हसत असते ना, लोला. मी तिच्याकडे बघते आणि मला आठवतच नाही, एवढं हसायला झालं काय होतं."

"सूर फाटला होता तुझा."

"ते माहितीये. पण त्यात हसण्यासारखं काय, ते कळत नाही आता. आंब्याचंही तसंच. आंबट आहे, खारं झणझणीत आहे, जिभेला सगळं कळतं. पुढे जात नाही."

"पुढे म्हणजे कुठे?"

तिने छातीवर हात ठेवला. "इथे दिवसभर निकाल, निकाल असंच चाललेलं असतं. आंब्याला बसायला जागाच नाही."

मी तिचे बूट उचलले आणि नळाखाली धुतले. हे माझ्याकडून फारसं होत नाही.

सकाळी शिडी लावली, कोयता घेतला आणि फणसाकडची दोरी कापली. मिलाग्रिंग दुकानातून बाहेर आलीच. तिला दोरी तुटल्याचाही आवाज येतो.

"काय गं चोलेंग, निकाल लागला?"

"नाही."

"मग काढतेस कशाला? नापास झाली वाटतं."

पाव घ्यायला आलेली सगळी गल्ली थांबली.  खरं कारण सांगितलं तर मिलाग्रिंगला ते रोज मिठाबरोबर चघळायला मिळेल, हे दिसत होतं.

"डुकरिणीला छप्पर हवंय," मी म्हटलं.

"डॉक्टरचं?"

"मग काय तुझ्या नातवाचं घालू? त्याला भोकं पडलीत."

लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. समजू देत.

बोलून बसले म्हणजे करणं आलं. फ्लेक्स गोठ्यावर ताणून बांधला, चेहरा आतल्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरून कुणाला दिसायला नको. जोव्हेल संध्याकाळी रस्त्याने आली, शेजारणीकडून कळलं असणार. रिकाम्या खांबाखाली उभी राहिली.

"कुठे गेली?"

"कोण?"

"मी."

"सेनोराकडे."

तिने वाकून बघितलं. हसली नाही. एवढी शिडी चढले मी, या गुडघ्यांनी, पण नाही हसली. नुसती नळी घेऊन रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ तिथे थांबली.

मग हळूहळू व्हायला लागलं. बूट कोरडे राहिले. एक दिवस सुका मासा परत मागून घेतला. एक दिवस गोठ्यातून गाणं ऐकू आलं, बेसूर. मी चुलीपाशी हलले नाही, न जाणो, गप्प व्हायची.

आणि परवा संध्याकाळी कुत्रे उठून बसले. मी धावले. सेनोरा पुढचे पाय खाण्याच्या डोणीवर टाकून उभी होती, तोंडात फ्लेक्सचा तुकडा. जोव्हेल तिथल्या घाणीत बसली होती, पोट धरून. वर भावी डॉक्टर हसत होती, पुढचे दात नसलेली, शंभरीची म्हातारी हसते तशी.

"लोला, हिने माझे दात खाल्ले."

रस्त्यापलीकडून मिलाग्रिंग ओरडली, काय झालं म्हणून. मी सांगितलं नाही. जळू दे.

निकाल अजून लागायचाय. रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, "लोला, पास झाले तर?"

"तर सेनोराला नव्या फ्लेक्सच्या भिंतीपण लागतील."

"आणि नापास झाले तर?"

"तर तिला छपरावरच भागवावं लागेल."

नेरिसाने माझ्याकडे बघितलं, पण या वेळी वेगळं. जोव्हेलने पिकल्या आंब्याची कोय चोखून चोखून पांढरी केली आणि माझ्या ताटातल्या कोयीकडे बघायला लागली. ती माझी होती. दिली.