एकतीस राप्या

मंदी आली आणि बुटांच्या कारखान्याने आम्हा कातडं कापणाऱ्या एकतीस जणांना एका दुपारी घरी पाठवलं. महिन्याभरात मालक अर्ध्या मजुरीवर माणसं शोधू लागला. आम्ही ठरवलं, जायचं तर सगळ्यांनी, तेही पूर्ण मजुरीवर. पण उपाशी माणसाच्या शब्दाचा काय भरवसा? म्हणून प्रत्येकाने आपली रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, एका पेटीत टाकली. ज्याची रापी त्याच्याच हातावर झिजलेली असते, दुसऱ्याच्या रापीने धड एक जोड निघत नाही. पेटी माझ्याकडे आली, कारण सगळे म्हणाले, मी सरळ माणूस. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. किल्ली बायकोजवळ दिली.

धाकटा भाऊ कारखान्यात खोकी भरायचा. तोही घरी बसला होता. सुट्टीच्या दिवशी मीच त्याला कापायला शिकवलं होतं, माझ्याच रापीवर. नवी घ्यायचा कंटाळा केला. त्याचा हात माझ्या रापीवर बसलाय हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी सकाळी सगळे माझ्या दारात उभे. कारखान्यात आमच्यातलंच कुणीतरी कापतंय अशी बातमी गेटवर आली होती. पेटी उघडली. राप्या तीस होत्या, माझी नव्हती.

"मी तर इथेच आहे," मी म्हणालो.

"मग तुझी रापी एकटीच कामाला गेली वाटतं," आमचा म्हातारा उस्ताद म्हणाला.

कुणी हसलं नाही. ज्याने त्याने आपली रापी उचलली आणि गेटकडे धूम ठोकली. आठ जणांना अर्ध्या मजुरीवर घेतलं. बाकीचे माझ्या नावाने खडे फोडत परतले.

संध्याकाळी भाऊ पिशवीभर सामान घेऊन आला.

"दादा, नव्या मुकादमाला तुझंच नाव सांगितलं मी. खोकी भरणाऱ्याला कापायला कोण घेणार?"

"किल्ली कुठे मिळाली?"

त्याने वहिनीकडे पाहिलं. बायको मुलांना वाढत होती.

"मी दिली," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता. तुमच्या सरळपणाची भाजी करून वाढू का पोरांना?"

परक्याने गळा कापला असता तर निदान बोंब तरी मारता आली असती. इथे ज्या दोघांसाठी मी उपाशी राहिलो, त्यांनीच मला सगळ्या गल्लीत चोर ठरवलं होतं.

तिने माझ्यासमोर ताट ठेवलं. उठून जायला हवं होतं. मी जेवलो.